नववा बार

दार लागलं आणि बाहेरचं सोलापूर बंद पडलं. रिक्षांची घरघर, रस्त्यावरच्या ट्रकची धडधड, सगळं एका क्षणात गेलं. भिंतींना जाड कापड मढवलेलं, खाली गालिचा, खिडकी एकही नाही. मी उघड्या आभाळाखाली चाळीस वर्षं दगड फोडलेला माणूस. मला ती खोली कोरड्या विहिरीच्या तळासारखी वाटली.

“काका, तुम्ही मधल्या खुर्चीत बसा,” दुकानाचे मालक चिलवेरी म्हणाले. “खरा आवाज तिथंच कळतो.”

“त्यांनाच बसवा,” माझा जावई अंबादास म्हणाला. “आज निवाडा मामांचा. यांच्या कानाला अख्ख्या खाणीत तोड नाही. मुकादमसुद्धा यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.”

“असं? काय काम करता काका?”

“बार मोजतो,” मी म्हणालो.

चिलवेरींना ते समजलं नाही, म्हणून अंबादासनेच मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुळजापूर रस्त्याला आमची दगडाची खाण होती. तिथं रोज दुपारी बाराला सुरुंग उडवायचे. कातळात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि सगळ्यांनी बांधाआड पळायचं. जितके बार भरले असतील तितके खडे मी डाव्या मुठीत घ्यायचो. एक आवाज झाला की एक खडा खाली. मूठ रिकामी झाली की हिरवा झेंडा वर करून ओरडायचो, “झाले!” तोवर कुणी जागचं हलायचं नाही. एखादा खडा मुठीत राहिला तर एक बार आत जिवंत आहे असं समजायचं आणि त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा. माझ्याआधी माझे वडील मोजायचे.

त्या वर्षी रेणुकाने, म्हणजे माझ्या थोरल्या मुलीने, घरावर एक खोली चढवली होती. ती शाळेत शिकवते. खोलीत मोठा पडदा लावून घरातच सिनेमा बघायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. पडदा आला. अडलं ते आवाजावर. अंबादासला जमिनीवर ठेवायचा मोठा सबवूफर हवा होता. रेणुका म्हणत होती, आधी समोरची स्पीकरची जोडी चांगली घेऊ. पंधरा दिवस भांडून झाल्यावर दोघांनी मला पंच नेमलं. दुपारचे बार उरकले तसा अंबादास मला मोटारसायकलवर घालून घेऊन आला; रेणुका शाळेतून परस्पर दुकानात आली होती.

मला यायचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाला मी वर्षभर भीत होतो. वर्षभर मला रेणुकाच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. नात मागून हाक मारायची ती कळत नव्हती. पुरुषाचा आवाज जवळून कळायचा, बाईचं बोलणं मी तोंडाकडे बघून जुळवून घ्यायचो. कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेलेल्या माणसाला खाणीवर कोण ठेवणार?

“ही पहिली जोडी. लहान, टेबलावर मावणारी,” चिलवेरी म्हणाले. “आणि ही दुसरी, कमरेएवढी उंच. समोरचे स्पीकर आवाजाला धार देतात. बोलणं, काच फुटणं, बंदुकीचा आवाज. सबवूफर घुमारा देतो, धक्का देतो. दोघांचं जुळलं पाहिजे.”

“ऐकलं का?” रेणुका नवऱ्याला म्हणाली. “धार महत्त्वाची.”

“धार घेऊन काय भाजी चिरायची आहे का घरात? छाती हलली पाहिजे बघ सिनेमात.”

“तुमची छाती हलेल, खालच्या भाडेकरूंची खाट हलेल.”

चिलवेरी हसत हसत यंत्राकडे वळले. “एक डोंगरातली चकमक लावतो. परीक्षेला हीच बरी. खोऱ्यात गोळी सुटते आणि कड्यावरून तिचा पडसाद येतो. चांगल्या जोडीत गोळी वेगळी कळते, पडसाद वेगळा. काका, तुम्ही मोजाच. गोळ्या किती ते सांगा.”

दिवे मंद झाले. पडद्यावर नुसते डोंगर दिसत होते, माणूस एकही नाही. पहिला धक्का बसला तो छातीत. माझा डावा हात आपोआप खिशाकडे गेला. मी बोटांवर मोजत राहिलो. दुसरा, तिसरा, मग थोडं थांबून चौथा, असं करत सातपर्यंत.

“किती?”

“सात,” मी बेधडक सांगितलं.

अंबादास हसला. “मामा, थट्टा करू नका. चार.”

“चारच आहेत आप्पा,” रेणुकाने चार बोटं दाखवली.

“लहान जोडी आहे ना,” चिलवेरींनी मला सांभाळून घेतलं. “त्यात मी सबवूफर जास्त उघडलाय. पडसादही गोळीसारखा वाटू शकतो. आता उंच जोडीवर ऐका.”

त्यांनी तेच चित्र पुन्हा लावलं. मी डोळे मिटले आणि जीव कानात आणला. सात. मधे जरासुद्धा फरक नाही. डोळे उघडून मी रेणुकाच्या हाताकडे पाहिलं. तिने मांडीवर चार बोटं दुमडलेली होती.

“चार,” मी म्हणालो.

“बघा!” रेणुकाचा चेहरा खुलला. “आप्पांनाही उंच जोडीतच कळलं.”

माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. त्या खोलीत गारवा सोडलेला होता, तरी. आता उठावं, बरं वाटत नाही म्हणावं आणि घरी जावं, असं मनात आलं. तेवढ्यात चिलवेरी यंत्रामागे वाकले, काहीतरी केलं आणि तिसऱ्यांदा चित्र लावलं. तेच सात धक्के. तसेच, त्याच जागी.

“हेही चांगलं आहे,” मी म्हणालो. “आधीच्यासारखंच.”

रेणुका माझ्याकडे वळली. ती काहीतरी बोलली. मला कळलं नाही. ती उठून माझ्या समोर आली आणि सावकाश म्हणाली, “आप्पा, समोरचे स्पीकर बंद आहेत.”

“नुसता सबवूफर लावला होता मी,” चिलवेरी म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवेना. “घुमारा कसा येतो तेवढंच दाखवायला.”

मी तसाच बसून राहिलो. बार उडतो तेव्हा आधी कडक ‘फट्’ असा आवाज येतो, कातळ फाटल्याचा. मग घुमारा. पडसादाला नुसता घुमारा असतो. वडिलांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, फट् ऐकू आला तरच खडा टाकायचा. मी आठवून पाहिलं. फट् मी शेवटचा कधी ऐकला होता? दिवाळीत? गेल्या पावसाळ्यात? मला आठवेना. आणि खाणीच्या पूर्वेला त्याच महिन्यात नवा कडा तासला होता. चाळीस फूट उभा, भिंतीसारखा सपाट. त्याच्यावर आपटलेला आवाज जसाच्या तसा परत यायचा. बार लागोपाठ उडताना तो पुढच्या बारात मिसळून जायचा, पण शेवटच्या बाराचा पडसाद एकटा उरायचा, आणखी एका बारासारखा.

त्या दुपारी नऊ बार भरले होते. मी नऊ मोजले. झेंडा वर केला. तेव्हा बांधाआडून माझा मेहुणा हणमंता उठला. खाणीत ड्रिल तोच चालवायचा.

“दाजी, मला आठच वाटले ओ,” तो म्हणाला होता.

“तुझे कान ड्रिलनं खाल्लेत. तू भोकं पाड, मोजायचं मी बघतो.”

सगळे हसले होते. हणमंताही हसला होता. “बरं बाबा. दाजी म्हणतील तर नऊ.”

त्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. अक्षरं येत नसली तरी मला वेळ कळायची. तीन वाजून दहा मिनिटं. चैत्राचं ऊन म्हणून ड्रिलचं काम चारला सुरू व्हायचं. तोवर ट्रॅक्टर आणि दगड भरणाऱ्या बाया फुटलेला माल उचलून जागा साफ करायच्या. ज्या भोकातला बार उडालेला नसतो, तिथला कातळ फुटत नाही. माल उचलला की तो एकटा वर राहिलेला दिसतो. आणि मोजणीवर भरवसा ठेवून ड्रिलवाला आधी त्याच कातळाला भोक पाडतो.

मी उठलो. “मला खाणीवर सोड.”

“आत्ता?” अंबादास म्हणाला. “मामा, अजून आपलं ठरलं कुठंय?”

“झेंडा राहिला. चल.”

“झेंडा कोण पळवतोय? उद्या घ्या की. बाहेर ऊन बघा.”

“त्यांना घेऊन जा,” रेणुका नवऱ्याला म्हणाली. तिची नजर माझ्यावरून हलली नव्हती. “आत्ताच जा.”

माझा फोन साधा होता. तीनचं बटण दाबून धरलं की गुरुसिद्ध मुकादमाला लागायचा. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो कानाला धरला. वाजतोय की नाही तेही मला कळेना. अंबादासकडे दिला.

“वाजतोय. उचलत नाहीत.”

उचलणार कसे? सुरुंगाच्या जागेवर मोबाईल नको असा मालकाचा नियम होता. कामावर जाताना सगळ्यांचे फोन ऑफिसातल्या पत्र्याच्या डब्यात पडायचे आणि ऑफिसाला कुलूप लागायचं.

मोटारसायकल निघाली. मला आठवतं, रस्त्यात एक लग्नाची वरात आडवी आली. वाजंत्री होती, पोरं नाचत होती, आणि मला त्यातला फक्त ढोल कळत होता. बाकीची माणसं नुसतीच गाल फुगवून उभी आहेत असं वाटत होतं. अंबादास वरात जायची वाट बघत एक पाय टेकवून उभा राहिला. मी त्याच्या खांद्याला धक्के देत होतो. एकदाची वाट मिळाली, तर नाक्याच्या पुढे त्याने गाडी पेट्रोल पंपाकडे वळवली. रांगेत सहा-सात गाड्या होत्या.

“इथं नको. आधी खाणीवर.”

“मामा, काटा खाली गेलाय. पाच मिनिटं लागतील. झेंड्याला काय पाय फुटलेत का?”

“अंबादास, चल म्हणतो ना!”

“झालंय काय तुम्हाला? रेणुका तशी, तुम्ही असे. मला कुणी काही सांगणार आहे का?”

पुढचा माणूस वळून बघत होता. मला वाटलं, अजूनही सांगावं लागणार नाही. कदाचित खरंच नऊ झाले असतील. कदाचित हणमंता आज उशिरा उठेल. देवा, असं काहीतरी कर की हणमंता वाचेल आणि मलाही कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी हेच मागितलं होतं. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्या रांगेत मी किती वेळ गप्प उभा राहिलो ते मला माहीत आहे. दोन गाड्या पुढे सरकल्या एवढा वेळ.

“मी चुकीचं मोजलं,” मी म्हणालो. “एक बार उडालाच नाही. आत आहे. हणमंता चारला तिथं ड्रिल लावेल.”

अंबादासचा हात गाडीच्या मुठीवर तसाच राहिला. मग त्याने काही न विचारता रांगेतून गाडी काढली.

पुढचा सगळा रस्ता मी त्याच्या घड्याळाकडे बघत होतो. मनगट हलायचं, काटे दिसायचे नाहीत. खाणीच्या फाट्याला पिवळी पाटी आली. तिच्यावर लाल अक्षरांत काय लिहिलं होतं ते मी पाच वर्षांनी, लिहाय-वाचायला शिकल्यावर वाचलं. मोजणीत शंका आल्यास कोणीही खाली उतरू नये. तेव्हा ती माझ्यासाठी नुसती रंगवलेली पाटी होती.

फाट्यापासून आत कच्चा रस्ता. तिथून खाण दिसत नाही, फक्त ऐकू येते. हवा सोडणारा मोठा कंप्रेसर सुरू झाला की ड्रिल सुरू होतं. आयुष्यभर मी या फाट्यावरून सांगत आलो होतो, खाली काय चाललंय ते.

“अंबादास,” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “कंप्रेसर चालू आहे का?”

त्याने वेग कमी केला, मान वळवली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणी परका म्हातारा त्याच्या गाडीवर बसलो होतो.

“चालू आहे, मामा.”

मी गाडी थांबायच्या आधीच उतरलो. पडलो, गुडघा फुटला, उठलो. कठड्यावरून खाली पाहिलं. माल उचललेला होता. मोकळ्या जागेत मधोमध एक काळा कातळ वर राहिला होता, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्यावर हणमंता ड्रिल धरून ओणवा होता. माझ्याकडे पाठ. धूळ उडत होती. दहा पावलांवर त्याची सून आणि आणखी दोघी घमेली भरत होत्या.

“हणमंता!” मी ओरडलो. “हणमंता, थांब!”

कुणी वर पाहिलं नाही. ड्रिलच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? खाली उतरायला वळणाची वाट होती. तेवढा वेळ नव्हता. कंप्रेसर वरच होता, कठड्याला लागून. मी पळत जाऊन त्याचा हवेचा कॉक दोन्ही हातांनी फिरवला. तो तापलेला होता. तळवे भाजले. रबरी नळी उडाली आणि ढिली पडली.

खाली हणमंताच्या हातातलं ड्रिल मेलं. त्याने वळून वर पाहिलं, आधी नळीकडे, मग माझ्याकडे.

“काय बे, कोण रे तो शहाणा...” मग त्याने मला ओळखलं. “दाजी? काय झालं ओ?” हे त्याचं बोलणं मला नंतर अंबादासने सांगितलं.

मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. मुकादम छपरातून बाहेर येत होता. बाया घमेली घेऊन उभ्या होत्या.

“आठच झाले,” मी ओरडलो. “तू बरोबर होतास. खाली ये त्यावरून. ड्रिल तिथंच राहू दे. हळू उतर.”

हणमंता उतरला नाही. तो आपल्या पायांखाली बघत राहिला. ड्रिलचं टोक कातळात वीतभर गेलं होतं. मग त्याने पाय उचलला, एक, मग दुसरा, अंडी पसरलेल्या जागेतून चालावं तसा मागे आला. सुनेला हाताने ढकललं. त्या तिघी पळाल्या.

मुकादमाने सगळ्यांना वर घेतलं आणि मग एकटा खाली जाऊन वाकून पाहून आला. वात दगडाखाली दबून तुटली होती. आत भरलेला बार जसाच्या तसा होता. हणमंताच्या भोकापासून चार बोटांवर.

आम्ही बांधाआड बसलो. हणमंता माझ्या समोर बसला होता. कुणीतरी पाणी आणलं. तांब्या त्याने हातात घेतला.

“तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारलं.

मी दुकानातलं सगळं सांगितलं. स्पीकर, डोंगर, चार आणि सात.

“म्हणजे ऐकू येत नाही तुम्हाला.”

“घुमारा येतो.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल.”

“वर्ष,” हणमंता म्हणाला. मुकादमही तेच म्हणाला. हणमंताने तांब्या खाली ठेवला. “माझी सून खाली असते दाजी. तिला तुम्ही रोज बघत होता. टोपलं घेऊन तुमच्या पुढ्यातूनच जायची ती, तुम्ही झेंडा दाखवला की.”

“मी भ्यालो होतो हणमंता.”

“कशाला?”

“घरी बसवाल म्हणून.”

त्याला राग आला असता, त्याने माझ्या तोंडात मारली असती, तर मला चाललं असतं. तो नुसता उठला, कमरेला पंचा आवळला आणि अडकलेल्या बाराजवळ गेला. त्याच्यापासून दोन हात दूर त्याने छिन्नी-हातोडीने नवं भोक पाडलं. यंत्र नाही, हळूहळू, एकट्याने. त्यात दारू भरून उडवली की जुना बारही सोबत जातो. ते काम करताना त्याच्याजवळ जायची कुणाला परवानगी नव्हती. मी बांधावरून त्याची पाठ बघत होतो. प्रत्येक घावाला माझे डोळे मिटत होते. वर्षभरात मी दोनशेवर वेळा झेंडा उचलला असेन. त्यातले किती बरोबर होते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याचा आता काही मार्ग नव्हता.

दिवस कलता कलता त्याने वात पेटवली आणि पळत येऊन बांधाआड उडी मारली. मोजायला मुकादम उभा राहिला. मी सगळ्यांच्या शेवटी बसलो, गुडघ्यात डोकं घालून, अंबादासच्या शेजारी.

जमीन हादरली. पोटात घुमारा गेला. मग आणखी एक, किंवा तोच परत आलेला. वरून खडी पडली. धूळ आली.

धूळ बसली तशी माणसं एकेक करून उठायला लागली. हणमंता उठला. बाया पदर झटकत उठल्या. अंबादास उठला आणि गुडघे झाडत दोन पावलं पुढे गेला. मुकादमाची पाठ माझ्याकडे होती. त्याचा हात वर होता, की नुसता डोळ्यांवर धरला होता, ते मला दिसत नव्हतं.

मी बसूनच राहिलो. बाहेर यायचं की नाही, हे मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.